कृपाबाई सत्यनाथन : न मिळालेली पदवी आणि पुरी झालेली सेवा



बारावीचा निकाल आणि प्रवेशपरीक्षेचे गुण हाती आले की आपल्या कित्येक ख्रिस्ती घरांत एक प्रश्न जेवणाच्या ताटाशी येऊन बसतो. मुलीला डॉक्टर व्हायचे असते. सरकारी महाविद्यालयातील जागा थोडक्यात हुकलेली असते. खाजगी महाविद्यालयाचा खर्च ऐकून वडिलांचा आवाज खाली गेलेला असतो, आणि परदेशातील एखाद्या विद्यापीठाचे माहितीपत्रक टेबलावर पडून असते. जायचे की राहायचे? मराठी मुलखापासून दूर, लखनौच्या तेलीबागेत राहणाऱ्या आमच्यासारख्यांनाही हा प्रश्न चुकलेला नाही. येथून पुढे रायबरेली रस्त्यावर संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था उभी आहे. तिच्याकडे पाहून डॉक्टर होण्याचे स्वप्न कोणाही मुलाने पाहावे. पण ती संस्था पदव्युत्तर शिक्षणाची. तिच्या दाराशी पोहोचण्याआधी पहिली पदवी कोठे घ्यायची हे ठरवावेच लागते, आणि तेथेच घरातील हिशेबाची वही उघडते.

हा प्रश्न केवळ आपल्या पिढीचा आहे असे मात्र समजू नका. जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी, भारतात स्त्री डॉक्टर ही कल्पनाच नवलाची होती तेव्हा, तो एका मराठी ख्रिस्ती मुलीपुढे उभा राहिला होता. इंग्लंडला जाऊन वैद्यक शिकावे की हिंदुस्थानातच राहून शिकावे? त्या मुलीचे नाव कृपाबाई. पुढे इंग्रजीतून कादंबऱ्या लिहिणारी पहिल्या पिढीतील भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव साहित्याच्या इतिहासात गेले. परंतु आज आपण त्यांच्याकडे वळत आहोत ते त्या लेखिका होण्यापूर्वी त्यांनी जी वाट धरली होती तिच्यासाठी.

खिस्तींचे घर

कृपाबाईंचा जन्म १४ फेब्रुवारी १८६२ रोजी अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे झाला. वडिलांचे नाव हरिपंत खिस्ती. खिस्ती हे त्यांचे मूळचे ब्राह्मणी आडनाव. ख्रिस्ती या शब्दाशी असलेले त्याचे साम्य हा केवळ योगायोग. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरात कामाचा पाया घातला आणि त्या कामातून ज्या पहिल्या काही ब्राह्मण घराण्यांनी प्रभूचा स्वीकार केला त्यांत हरिपंतांचे घर होते. त्या काळी बाप्तिस्मा घेणे म्हणजे घरदार, भाऊबंद, वतन आणि पंगत या सर्वांस एका दिवसात मुकणे होते. हरिपंतांनी ते सोसले. त्यांच्या पत्नी राधाबाई तेव्हा अगदी कोवळ्या वयाच्या होत्या. पतीच्या मागोमाग त्या त्याच्या घरी आल्या खऱ्या, पण मनाने एकदम आल्या नाहीत. हळूहळू, स्वतःच्या पावलांनी त्या विश्वासापर्यंत पोहोचल्या. सगुणा या आपल्या आत्मचरित्रात्मक कादंबरीत कृपाबाईंनी आईची ही वाटचाल मोठ्या ममतेने रंगवली आहे.

चौदा भावंडांत कृपाबाई तेरावी. वडील त्या लहान असतानाच वारले आणि घराचा भार आई व थोरला भाऊ भास्कर यांच्यावर आला. भास्करने धाकट्या बहिणीला पुस्तकांची गोडी लावली. मुलगी आहे म्हणून तिच्या बुद्धीला त्याने कुंपण घातले नाही. तिच्याशी तो बरोबरीच्या नात्याने विचारांची देवाणघेवाण करी. आपल्या देशाविषयी अभिमान बाळगावा, ख्रिस्ती झालो म्हणून आपली माती परकी होत नाही, हा संस्कार कृपाबाईंना त्याच्याकडूनच मिळाला. असा हा भाऊ ऐन तारुण्यात गेला. त्या धक्क्याने मुलीचे मन आणि शरीर दोन्ही खचले. नाजूक प्रकृती ही कृपाबाईंची जन्माची सोबतीण होती. पुढच्या कथेत ती पुन्हा पुन्हा आडवी येणार आहे, म्हणून वाचकहो, तिची आठवण ठेवा.

डॉक्टर होण्याची इच्छा

भास्करच्या मृत्यूनंतर दोन युरोपीय मिशनरी बाईंनी कृपाबाईंना मुंबईस आपल्या आश्रयाला नेले आणि मग त्या तेथील वसतिगृहाच्या शाळेत राहिल्या. या दिवसांचे वर्णन करताना त्यांनी भाबडेपणा दाखवलेला नाही. गोऱ्या मिशनरींच्या मायेबद्दल त्या कृतज्ञ होत्या, पण त्यांच्या वागण्यात कधीकधी डोकावणारी वरचढपणाची भावनाही त्यांच्या नजरेतून सुटली नाही. त्याच शाळेत एका अमेरिकन स्त्री डॉक्टरचा सहवास त्यांना लाभला, आणि वैद्यक शिकण्याची इच्छा मनात रुजली.

ही इच्छा पदवीच्या वा पैशाच्या मोहाने आली नव्हती. त्या काळच्या स्त्रीच्या आजारपणाचे चित्र डोळ्यांपुढे आणा. पडद्यातील वा सोवळ्यातील स्त्री पुरुष डॉक्टरपुढे जात नसे. ताप असो, बाळंतपण अडलेले असो, सुईणीच्या हातगुणावर आणि दैवावर हवाला ठेवून ती पडून राही. वाचली तर वाचली. अशा घरांत शिरता येईल अशी एकच व्यक्ती होती आणि ती म्हणजे शिकलेली स्त्री डॉक्टर. आमच्या उत्तरेतील उदाहरण सांगण्यासारखे आहे. १८७० च्या जानेवारीत दोन अमेरिकन मेथडिस्ट तरुणी एकत्र या देशात उतरल्या. इझाबेला थोबर्न लखनौस आल्या आणि त्याच वर्षी त्यांनी मुलींची शाळा उघडली. तिचेच पुढे इझाबेला थोबर्न कॉलेज झाले. दुसऱ्या, डॉ. क्लारा स्वेन, बरेलीस गेल्या. त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून आल्या होत्या. १८७४ साली बरेलीत त्यांनी स्त्रियांसाठी रुग्णालय सुरू केले, त्यासाठी रामपूरच्या मुसलमान नबाबाने जागा दिली. एक स्त्री डॉक्टर किती बंद दारे उघडू शकते, हे तेथे साऱ्यांना दिसले. पण सात समुद्रांपलीकडून येणाऱ्या डॉक्टरांवर या विशाल देशाचे किती दिवस भागणार? याच मातीतील मुली डॉक्टर व्हायला हव्या होत्या. कृपाबाईंना, विशेषतः पडद्यातील मुसलमान भगिनींच्या सेवेसाठी, तसे व्हायचे होते.

इंग्लंड की मद्रास

आता मुख्य प्रश्न. शिकायचे कोठे?

१८७० नंतरच्या दशकात मुंबई प्रांतातील वैद्यकीय शिक्षणाचे दार स्त्रियांना बंद होते. कलकत्त्यासही तीच स्थिती होती. परदेशात मात्र वारे बदलू लागले होते. लंडनमध्ये १८७४ साली स्त्रियांसाठी वैद्यकीय विद्यालय निघाले, आणि १८७८ साली लंडन विद्यापीठाने आपल्या पदव्या स्त्रियांना खुल्या केल्या. बुद्धिमान मुलीला इंग्लंडची वाट खुणावत होती यात नवल नाही. त्या वाटेवरील पहिला धोंडा म्हणजे पैसा. आगबोटीचे भाडे, अनेक वर्षांचे राहणे, फी, पुस्तके, थंडीचे कपडे. वडिलांवाचून वाढलेल्या चौदा भावंडांच्या ख्रिस्ती कुटुंबाला हे कोठून झेपणार? परंतु कृपाबाईंच्या बाबतीत तो धोंडा दूर झाला. इंग्लंडला जाऊन वैद्यक शिकण्यासाठी त्यांना शिष्यवृत्ती मिळाली.

वाचकहो, येथे थोडे थांबा. आपल्यापैकी पुष्कळांना वाटते की पैशाची सोय झाली की प्रश्न सुटला. कृपाबाईंचा प्रश्न तेथे सुटला नाही. पैसा होता, बुद्धी होती, इच्छा होती. देह मात्र साथ देत नव्हता. इंग्लंडची थंडी, परक्या देशातील एकटेपणा आणि अभ्यासाचा ताण या नाजूक मुलीला सोसणार नाही, असे तिच्या हितचिंतकांचे मत पडले आणि तिला जाऊ देण्यात आले नाही. सोळा वर्षांच्या मुलीला हा निर्णय किती जिव्हारी लागला असेल याची कल्पना करा. हाती आलेली संधी अशी परत जाणे, आणि तेही आपल्या दोषावाचून!

पण देशातच एक दार किलकिले झाले होते. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १८७५ साली चार स्त्रियांना प्रवेश दिला होता. त्यांतील मेरी शार्लिब यांनी पुढे लंडनची पदवी घेऊन मद्रासेत स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेचा मोठा पाया घातला. या महाविद्यालयाने कृपाबाईंना प्रवेश देण्याचे मान्य केले आणि १८७८ साली त्या मद्रासेस निघाल्या. मुंबई आणि मद्रास ही शहरे १८७१ पासून लोहमार्गाने जोडली गेली होती, म्हणून हा प्रवास शक्य झाला. तरीही मद्रास म्हणजे घर नव्हे. भाषा तमिळ, अन्न निराळे, हवा दमट, ओळखीचे माणूस नाही. देशात शिकणे म्हणजे घरी शिकणे असे तेव्हाही नव्हते आणि आजही नाही. अहिल्यानगरची मुलगी लखनौला वा लखनौची मुलगी वेल्लोरला शिकायला जाते तेव्हा तिलाही परदेशाची थोडी चव मिळतेच.

फरक पडतो तो आसऱ्याने. मद्रासेस कृपाबाईंना राहायला घर मिळाले ते रेव्हरंड डब्ल्यू. टी. सत्यनाथन या तमिळ पाळकांचे. चर्च मिशनरी सोसायटीच्या कामातील हे आदरणीय कुटुंब. पाळकांच्या पत्नी ॲना सत्यनाथन मुलींच्या शिक्षणासाठी झटत असत. त्यांनी या मराठी मुलीला आईची माया दिली. ख्रिस्ती मंडळी म्हणजे काय, याचा अर्थ अशा वेळी कळतो. दूरच्या गावी शिकायला आलेल्या परक्या भाषेच्या मुलीसाठी एका पाळकाने आपल्या घरात जागा केली. वसतिगृहाची फी भरण्यापेक्षा हे दान लहान नव्हते.

अर्ध्यावर राहिलेला अभ्यास

पहिल्याच वर्षी कृपाबाई चमकल्या. परीक्षांत त्यांना उत्तम यश मिळाले. स्त्रियांच्या बुद्धीला वैद्यकाचा अभ्यास झेपतो की नाही, या त्या काळच्या वादाला त्यांचे गुण हेच उत्तर होते. परंतु ज्या भीतीने त्यांना इंग्लंडला जाऊ दिले नव्हते ती भीती मद्रासेतच खरी ठरली. अतिश्रमाने प्रकृती कोसळली, आणि १८७९ साली त्यांना अभ्यास सोडून पुण्यास बहिणीकडे विश्रांतीसाठी यावे लागले. पुन्हा महाविद्यालयात जाणे झाले नाही. डॉक्टर होण्याचे स्वप्न तेथेच संपले.

देशात राहिल्याने सर्व ठीक झाले, असा बोध या कथेतून काढता येत नाही. ती राहिली, तरी अभ्यास सुटला. ती गेली असती तर काय झाले असते, हे देवास ठाऊक. मात्र एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. मद्रासेत ती आजारी पडली तेव्हा आगगाडीने बहिणीच्या दारी पोहोचू शकली. लंडनमध्ये ती पडली असती तर तिच्या उशाशी कोण बसले असते? परदेशी शिक्षणाचा खर्च मोजताना आपण भाडे आणि फी मोजतो. आजारपणात घरी परतण्याचा खर्च आपण क्वचितच मोजतो.

दुसरी वाट चाललेली भगिनी

कृपाबाईंचा निर्णय नीट समजण्यासाठी तिच्याच काळातील दुसऱ्या मराठी मुलीकडे पाहावे लागेल. आनंदीबाई जोशी यांचे नाव कोणा मराठी माणसाला ठाऊक नाही? १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई कृपाबाईंहून तीन वर्षांनी लहान. कोवळ्या वयात झालेले मूल दहा दिवसांत गेले आणि त्या दुःखातून त्यांची डॉक्टर होण्याची इच्छा जन्मली. पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला. त्या पगारात दोघांचा अमेरिकेचा प्रवास बसणे अशक्य. गोपाळरावांनी पूर्वी कोल्हापुरास काम केलेल्या विल्डर या मिशनरींना मदतीसाठी पत्र लिहिले. जोडपे ख्रिस्ती होण्यास तयार असेल तर मदत करू, असा विल्डर यांचा कल होता. जोशी दांपत्याला ते मान्य नव्हते. विल्डर यांनी तो पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला, आणि न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईच्या तो वाचनात आला. त्यांनी कोणतीही अट न घालता या अनोळखी मुलीला आपल्या घरी बोलावले.

हा प्रसंग आपण ख्रिस्ती वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावा. मदत दोन हातांनी पुढे येऊ शकत होती. एका हातात अट होती, दुसऱ्या हातात नुसती माया. प्रभूच्या स्वभावाची ओळख कोणत्या हाताने अधिक झाली, हे मी सांगायला नको.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात भर सभेत भाषण केले. हे श्रीरामपूर आपल्या नगर जिल्ह्यातील नव्हे. ते बंगालमधील, जेथे विल्यम केरींनी मराठी शुभवर्तमान छापले ते. अमेरिकेलाच का जाता, येथे शिकण्याची सोय नाही काय, एकट्या का जाता, असे लोक विचारत. त्या प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तर दिले. देशात स्त्रियांसाठी सोय आहे ती मद्रासेस, पण आपल्या गरजेला ती पुरी पडणारी नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पती बरोबर का येत नाहीत याची कारणेही त्यांनी लपवली नाहीत. दोघांपुरता पैसा नाही, आणि घरी पतीवर अवलंबून असलेली माणसे आहेत. दागिने विकून आणि हितचिंतकांच्या मदतीने प्रवासखर्चाची जुळवाजुळव झाली. १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. डॉ. क्लारा स्वेन ज्या फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयात शिकल्या होत्या त्यानेच त्यांना प्रवेश व शिष्यवृत्ती दिली. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. ही पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम उपस्थित होत्या.

परंतु तेथील थंडीने आणि परक्या जीवनाने आनंदीबाईंची प्रकृती पोखरली होती. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाचे पद त्यांची वाट पाहत होते. त्या परतल्या त्या क्षयाने खंगलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यास त्यांचे निधन झाले. एकाही रुग्णालयाचा कारभार त्यांच्या हातून झाला नाही.

आणखी एक गोष्ट मनाला चटका लावते. आनंदीबाई निघाल्या त्याच १८८३ साली मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचे दार स्त्रियांना उघडले. कलकत्त्यातही अडसर निघाला, आणि तेथील महाविद्यालयात शिकून कादंबिनी गांगुली १८८६ साली, म्हणजे आनंदीबाईंच्याच वर्षी, डॉक्टर झाल्या. त्या पुढे कित्येक वर्षे सेवा करीत राहिल्या. म्हणून आनंदीबाईंचे चुकले असे कोणी म्हणू नये. त्यांनी निघताना जे दिसत होते त्यावरून निर्णय घेतला, आणि त्यांच्या धाडसामुळेच पुढच्या मुलींना धीर आला. त्याच फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयातून १८९२ साली गुरुबाई करमरकर या आपल्या मराठी ख्रिस्ती भगिनी डॉक्टर होऊन आल्या आणि अमेरिकन मराठी मिशनच्या कामात मुंबईत त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. परदेशाची वाट एकीला मृत्यूकडे घेऊन गेली, दुसरीला दीर्घ सेवेकडे. वाट तीच होती.

लेखणीची सेवा

आता पुन्हा कृपाबाईंकडे वळू. पुण्यात थोडे बरे वाटल्यावर त्या मद्रासेस परतल्या. तेथे पाळकसाहेबांचे पुत्र सॅम्युएल सत्यनाथन यांच्याशी त्यांचा स्नेह जडला आणि १८८१ साली विवाह झाला. सॅम्युएल केंब्रिजला शिकून आलेले. जी इंग्लंडची वाट पत्नीला बंद झाली ती पतीने चाललेली होती. पण या घरात त्यामुळे हेवा आला नाही, सोबत आली. उटकमंड येथील ब्रीक्स मेमोरियल शाळेचे मुख्याध्यापकपद सॅम्युएल यांना मिळाले आणि जोडपे त्या थंड हवेच्या डोंगरावर राहायला गेले.

तेथील हवेने कृपाबाईंना बळ आले. त्या बळाचे त्यांनी काय केले पाहा. चर्च मिशनरी सोसायटीच्या मदतीने त्यांनी मुसलमान मुलींसाठी शाळा सुरू केली. ज्या पडद्यातील घरांत नाडी पाहायला जाण्याचे स्वप्न होते त्याच घरांतील मुलींच्या हातात त्यांनी पाटी दिली. औषधाची पेटी मिळाली नाही म्हणून त्या दारापासून त्या मागे फिरल्या नाहीत. शिवाय भारतीय स्त्रियांच्या शिक्षणावर व स्थितीवर, स्वतःचे नाव न देता, केवळ एक भारतीय स्त्री एवढीच ओळख सांगून त्या इंग्रजी नियतकालिकांत लिहू लागल्या.

तीन वर्षांनी पतीची बदली राजमहेंद्रीस झाली. तेथे प्रकृती पुन्हा बिघडली. मग कुंभकोणम्, आणि १८८६ साली मद्रास. १८८७ व १८८८ या वर्षांत मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकातून त्यांची सगुणा ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. एका मराठी ख्रिस्ती कुटुंबाची, त्या कुटुंबातील मुलीच्या शिकण्याच्या ओढीची, परदेशी जाण्याच्या हुकलेल्या संधीची आणि मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयातील दिवसांची ही कथा म्हणजे बऱ्याच अंशी त्यांचेच जीवन. भारतीय स्त्रीने इंग्रजीत लिहिलेली पहिली आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हणून अभ्यासक आज तिचा गौरव करतात. आपल्या नगरच्या मातीतील, आपल्या मंडळीतील मुलगी या मानाची धनीण आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होते?

यानंतरची वर्षे दुःखाची गेली. त्यांचे एकुलते एक मूल वर्ष पुरे होण्याआधीच देवाघरी गेले. आईसारख्या सासूबाई ॲना १८९० साली आणि सासरे १८९२ साली वारले. क्षयाचे निदान झाले आणि आपला काळ थोडा उरला आहे हे त्यांना कळून चुकले. त्या अवस्थेत, पतीच्या साहाय्याने, त्यांनी कमला ही दुसरी कादंबरी लिहून काढली. ती हिंदू घरातील एका मुलीची कथा आहे. ख्रिस्ती लेखिकेने आपल्या हिंदू भगिनीचे दुःख तिच्या घरात शिरून, तिच्यावर न्याय न करता सांगितले. ३ ऑगस्ट १८९४ रोजी कृपाबाईंनी देह ठेवला. वय अवघे बत्तीस.

त्याच १८९४ साली डॉ. एडिथ ब्राऊन यांनी पंजाबातील लुधियाना येथे ख्रिस्ती स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा उघडली. त्याच साली डॉ. वॉनलेस यांचे मिरजेचे मिशन रुग्णालय उभे राहिले. १९१८ साली डॉ. आयडा स्कडर यांनी वेल्लोरला मुलींची वैद्यकीय शाळा सुरू केली. कृपाबाईंना जे दार किलकिले मिळाले होते ते त्यांच्या मागून येणाऱ्या मुलींसाठी देशातच उघडले गेले.

आपल्यासाठी बोध

वाचकहो, या जीवनकथेतून आपल्या घरातील प्रश्नाला काही प्रकाश मिळतो काय?

बुरूज बांधू इच्छिणाऱ्या मनुष्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हा प्रभूचा दृष्टान्त आपण सर्व जाणतो. परंतु खर्च म्हणजे केवळ रुपये नव्हेत. पहिला हिशेब पैशाचा. तो कठोरपणे करावा. परदेशातील स्वस्त वाटणाऱ्या शिक्षणात फी, राहणे आणि विमानाचे भाडे यांबरोबर रुपयाची घसरती किंमत धरावी. देशात वा परदेशात, नीट ही परीक्षा उत्तीर्ण होणे आता अटळ आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार परदेशी अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, त्यानंतर तेथे बारा महिन्यांची उमेदवारी, परतल्यावर येथील परवाना परीक्षा आणि पुन्हा येथे बारा महिन्यांची उमेदवारी हवी. ही सारी वर्षे हिशेबात धरल्यावाचून जमीन गहाण टाकू नये. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा आपल्या देशाचे हजारो वैद्यकीय विद्यार्थी अभ्यास अर्धा टाकून परतले. तो खर्च कोणत्याच माहितीपत्रकात छापलेला नव्हता.

दुसरा हिशेब देहाचा आणि मनाचा. मुलाची प्रकृती, स्वभाव, एकटे राहण्याची ताकद यांचा विचार करताना संकोच नको. कृपाबाईंच्या हाती शिष्यवृत्ती असूनही वडीलधाऱ्यांनी तो विचार केला. तिसरा हिशेब अटींचा. जो पैसा आपल्या मुलाचे मन, विश्वास किंवा आई-वडिलांचे म्हातारपण गहाण मागतो तो स्वस्त नाही. चौथा हिशेब सर्वांत मोठा आहे: हे शिक्षण कोणासाठी? कृपाबाईंना उत्तर ठाऊक होते. पदवी हातची गेल्यावरही त्या नेमक्या त्याच लोकांच्या दारी गेल्या. ज्याला उत्तर ठाऊक नाही त्याला पदवी मिळाली तरी जायचे कोठे हे कळत नाही.

आणि एक शब्द आपल्या मंडळ्यांसाठी. वेल्लोर आणि लुधियाना येथील ख्रिस्ती महाविद्यालयांत मंडळ्यांनी पुरस्कृत केलेल्या उमेदवारांनी शिकून काही काळ मिशन रुग्णालयांत सेवा द्यावी, ही परंपरा आहे. आपल्या किती पाळकांनी आपल्या तरुणांना वेळेवर, म्हणजे अकरावीतच, ही माहिती दिली? चर्चच्या इमारतीला रंग देण्यासाठी आपण वर्गणी काढतो. एखाद्या हुशार पण गरीब मुलीच्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी काढतो काय? कार्पेंटरबाईंनी न पाहिलेल्या मुलीला घरी बोलावले. सत्यनाथन पाळकांनी परक्या भाषेच्या मुलीला आपल्या ताटात वाढले. आपल्या गावी शिकायला आलेल्या दूरच्या मुलाला निदान रविवारी जेवायला बोलावणे आपल्या हाती आहे.

शेवटी, ज्या घरात यंदा प्रवेश मिळाला नाही, ना येथे ना तेथे, त्या घरातील मुलाला वा मुलीला हे सांगावेसे वाटते. प्रभूची योजना एका परीक्षेच्या गुणपत्रिकेवर अडून राहत नाही. कृपाबाई डॉक्टर झाल्या नाहीत. तरी डोंगरावरील त्या शाळेत मुसलमान मुली अक्षरे गिरवायला शिकल्या, आणि त्यांच्या पुस्तकांतील सगुणा व कमला आजही वाचकांशी बोलत आहेत. तुमचाही हिशेब शांतपणे, प्रार्थनापूर्वक, घरातील सर्वांनी मिळून करा. मग जायचे ठरले तर निर्भयपणे जा, आणि राहायचे ठरले तर खंत न बाळगता राहा. ज्याने पाचारण केले तो दोन्ही वाटांवर सोबत आहे.